आनंदाबाईचा वाढता दगड

आनंदाबाईनं बांधीत दगड पेरला आणि तो उगवला, ही बातमी सिहोऱ्याच्या बाजारात वांग्यांच्या ढिगाशी जन्मली आणि बाजार उठायच्या आत हातापायांनी चांगली मोठी झाली. वांगेवालीनं सांगितलं तेव्हा दगड नुसता उगवला होता. मिरचीवालीकडं पोचेपर्यंत आनंदाबाई त्याला रोज सकाळी वाटीभर दूध पाजू लागली होती. बांगड्यांच्या दुकानापाशी दगडाला दोन पिल्लं झाली. तिथून बातमी साकोलीच्या एसटीत चढली. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता आपलीही भर घातली, की बाईचा नवरा तुलाराम यंदा धान सोडून नुसते दगडच लावणार आहे आणि सरकार त्याला बियाणं देणार आहे.

यातलं काहीही खरं नाही. दगड आनंदाबाईनं पेरला नव्हता. आंबागडच्या डोंगराखाली त्यांची जी मोठी बांधी आहे, चारी बाजूंनी मातीचा धुरा आणि आत पाणी कोंडलेलं धानाचं शेत, तिच्या खालच्या कोपऱ्यात तो तिच्या सासऱ्याच्याही आधीपासून बसलेला होता. दूध तर तिनं कधीच पाजलं नाही, कारण तिच्या घरचं दूध आधी तुपाला लागायचं, मग चहाला, आणि उरलंच तर माणसांना. पिल्लांचं म्हणाल तर नांगराच्या फाळाला लागलेले बारके दगड ती धुऱ्यावर फेकायची. कोणीतरी जाता-येता ते पाहिले असतील आणि तोंडावळा जुळवला असेल.

दगड वाढतो, हे मात्र ती स्वतःच सांगायची. आणि थट्टेनं नाही, गळ्यातल्या डोरल्याला हात लावून.

पुरावा होता तिच्याजवळ. आनंदाबाईचं सगळं मोजमाप अंगावर असायचं. मीठ चिमटीनं, लुगडं हातानं, भाताला कढ आला की नाही ते कानानं. दगड तिनं बसून मोजला होता. नवी नवरी म्हणून आली त्या वर्षी रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत ती भाकर खायला त्या दगडावर बसली, तर गुडघे हनुवटीला लागले. लेकरं झाली तोवर दगड पाटासारखा झाला, मग स्टुलासारखा. आणि आता, म्हणजे सन अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमारास, त्याच्यावर बसलं की तिचे पाय पाळण्यातल्या पोरासारखे हलायचे. तिची उंची काही वाढली नव्हती. उलट सासूनं आणि धानाच्या भाऱ्यांनी मिळून ती थोडी दाबलीच होती. मग वाढलं कोण? दगडच.

ती त्याच्याशी बोलायचीसुद्धा. तशी ती सगळ्यांशीच बोलायची. चुलीला म्हणायची, धूर करून राहिली, मनात काय आहे तुझ्या. बैलाला म्हणायची, तू शहाणा आहेस, मालकासारखं करू नको. बांधीत पाय ठेवला की दगडाला पहिला टोमणा: "काय गा, आणखीन वाढला? लाज नाही वाटत, घरचं धान खाऊन?"

हा टोमणा पोकळ नव्हता. मोठ्या बांधीत चिन्नोर व्हायचा. चिन्नोर म्हणजे बारीक, वासाचा तांदूळ. पूर्वी आनंदाबाईच्या चुलीवर त्याचं आधण उकळायला लागलं की गल्लीतल्या बाया आपापल्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि नुसता वास जेवायच्या. पाव्हणे जेवून गेले की पुढच्या गावी जाऊन तिचं नाव काढायचे. तुलारामचं नाव गावाबाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. "चिन्नोरवाल्या बाईचा घरवाला" एवढ्यावर त्याचं भागायचं. पण दगड जसा वाढत गेला तशी बांधी आटत गेली. पाणी टिकेना, लोंबी भरेना. त्या वर्षी मळणी झाली तेव्हा खळ्यावर धानापेक्षा फोलपट जास्त उडालं.

त्या खळ्यावरच तुलारामनं जाहीर केलं. तुलाराम कोणतीही गोष्ट "आता पाहाय" म्हटल्याशिवाय सुरू करू शकत नाही. आधी "आता पाहाय", मग बिडी विझलेली आहे हे लक्षात येणं, मग ती पेटवणं, मग मुद्दा. त्यानं सांगितलं की आता पाहाय, या दगडासमोर आपलं काही चालत नाही. अक्तीनंतर, म्हणजे अक्षय तृतीया झाली की, ही बांधी सोडून द्यायची, शेळ्या चारायच्या.

आनंदाबाई हातातलं सूप आपटून म्हणाली, "शेळ्या चारायच्या त तुमच्या डोक्यावर चारा. चिन्नोरची बांधी मी नाही सोडत."

"मंग दगडाले सांग ना वाढू नको म्हणून."

"सांगून राहिली ना मी. तुमीच नाही ऐकून राहिले, तो कायले ऐकते?"

भांडण तिथं थांबलं, पण मिटलं नाही. पुढच्या रोवण्याला त्या बांधीत चिन्नोर असणार की शेळ्या, एवढाच प्रश्न होता आणि तो घरात भाकरीच्या टोपलीसारखा मधोमध ठेवलेला होता.

आता तुलाराम काही आळशी माणूस नव्हे. दगडाविरुद्ध त्यानं आयुष्यभर लढाई केली होती. वडिलांनी शिकवलेली. त्या वडिलांचा शोध असा होता की दगड पाणी पितो. हरभरा भिजवला की फुगतो, तसा दगड पावसाळाभर बांधीतल्या पाण्यात भिजतो, फुगतो, आणि फुगला की वर येतो. इलाज सरळ होता, त्याचं पाणी तोडायचं. म्हणून म्हाताऱ्यानं दगडाच्या शेजारी खालचा धुरा फोडून पाण्याला वाट करून दिली होती. पाऊस पडला की पाणी दगडाजवळ साचायच्या आत त्या फोडीतून खाली बोडीत, म्हणजे गावच्या लहान तलावात, धावत जायचं. म्हातारा गेला, फोड तुलारामकडं आली. दगड थोडा वाढलेला दिसला की तो फावडं घेऊन फोड थोडी खोल करायचा. पुढच्या वर्षी दगड आणखी वाढायचा. तो फोड आणखी खोल करायचा. अक्तीला दगडाला शेंदूर, नारळ आणि "बाप्पा, आता पुरे" अशी विनंती, ती वेगळीच.

त्याचा धाकटा भाऊ पुंडलिकराव शेजारच्या बांधीतून हे सगळं पाहायचा. पुंडलिकराव ग्रामपंचायतीत एकदा निवडून आला होता, तेव्हापासून तो म्हशीलाही "ग्रामस्थ बंधूंनो" म्हटल्यासारखा हाकलतो. सिहोऱ्याच्या बाजारातल्या बातमीचं मूळ त्याच्यापर्यंत जातं असं आनंदाबाईचं मत होतं. तिनं त्याला तोंडावर विचारलंही. तो म्हणाला, वहिनी, मी या प्रकरणी तटस्थ आहे.

हिवाळ्यात गावात जीप आली. जीपमध्ये लिमये साहेब, त्यांची हातोडी, एक भिंग आणि पुण्याकडचं मराठी होतं. जमिनीखाली कुठं काय आहे याची पाहणी करत ते डोंगराच्या कडेकडेनं फिरत होते. गावाला वाटलं, मँगनीज शोधतात. काहींना वाटलं, किल्ल्यावरचा खजिना. खजिना शोधणारा माणूस हातोडीनं दगडाचा कपचा काढून त्याला भिंगातून पाहतो, मग जिभेवर थुंकी घेऊन ओला करून पाहतो, मग खुश होऊन पिशवीत टाकतो, हे पाहिल्यावर मात्र गावानं आशा सोडली.

साहेब मोठ्या बांधीत आले तेव्हा आनंदाबाई दगडाजवळ शेण्या थापत होती. त्यांनी दगड पाहिला, डोळे मोठे झाले, हातोडी वर गेली. धुऱ्यावरून तुलाराम धावत आला, शेंदूर दाखवू लागला. आनंदाबाईनं नवऱ्याला हातानं थांबवलं. तिला वाटलं, इतकी वर्षं नारळानं नाही ऐकलं, हातोडीनं ऐकेल.

"मारा सायेब," ती म्हणाली. "शेंदराची जागा सोडून मारा."

एक कपचा निघाला. आतून दगड वेगळाच होता. बाहेरून राखाडी, मुका, आणि आत गुलाबी-पांढरे जाड दाणे, त्यांच्यामध्ये काळी चकाकती चमक, जसं कोणी लाह्या आणि साखर आणि काळे तीळ एकत्र दाबून ठेवावेत. आनंदाबाईनं तो कपचा हातात घेतला आणि पहिल्यांदाच तिला दगडाशी काही बोलायला सुचलं नाही.

लिमये साहेबांची बोलायची एक तऱ्हा होती. "आपण असं समजूया" हे त्यांचं दार. आपण असं समजूया, की पृथ्वीच्या पोटात अतिशय उष्णता आहे. आपण असं समजूया, की त्या उष्णतेनं खडक वितळून त्याचा रस होतो, त्याला शिलारस म्हणायचं. आनंदाबाई प्रत्येक वेळी "समजलं" म्हणायची. पण साहेब ज्वालामुखीवर आले तेव्हा गाडी अडकली. तोंड फाटलेला, धूर ओकणारा डोंगर तिनं कधी पाहिला नव्हता. आंबागडचा डोंगर तिनं जन्मभर पाहिला, त्याच्या तोंडातून किल्ल्यावरच्या माकडांशिवाय काही बाहेर आलं नव्हतं. तुलारामनं मध्येच विचारलं, आता पाहाय साहेब, रस जर इथं खाली आहे तर आमच्या विहिरीचं पाणी थंड कसं? साहेबांनी आपण असं समजूया म्हणून तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ऊन चढलं होतं. आनंदाबाईनं दोघांनाही जेवायला उठवलं.

शिल्लक चिन्नोर घरात एवढासाच होता. तिनं तो शिजवला. साहेब म्हणजे पाव्हणा, आणि पाव्हण्यासमोर जाडा तांदूळ ठेवायची तिला सवय नव्हती. वाफाळत्या भातावर तिनं गाडग्यातलं तूप घातलं. साहेबांनी तुपाचा गोळा बोटानं दाबला, दाणे बोटाखाली सुटे झाले, आणि साहेबांचा चेहरा असा झाला जसा सकाळी दगडाचा कपचा पाहून झाला होता.

"किती रवाळ तूप," ते म्हणाले. "आमच्याकडं आई करायची. आता असं नाही जमत कोणाला."

आनंदाबाईला स्तुती कधी जड गेली नाही. तिनं कृती सांगून टाकली. कढलेलं तूप गाडग्यात ओतायचं आणि गाडगं धानाच्या कोंड्यात गळ्यापर्यंत पुरायचं. आतल्या आत, दमादमानं निवू द्यायचं. हात लावायचा नाही, हलवायचं नाही. मग दाणा धरतो. घाई झाली म्हणून गाडगं थंड पाण्यात ठेवलं की तूप मलमासारखं होतं, गुळगुळीत, दाण्याचा पत्ता नाही. तिच्या जावेचं तूप तसंच होतं. हे शेवटचं तिनं जरा मोठ्यानं सांगितलं, कारण भिंतीपलीकडं पुंडलिकरावाचं घर होतं.

साहेबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी पिशवीतून सकाळचा कपचा काढून ताटाच्या कडेला, तुपाशेजारी ठेवला.

"काकू, हा दगड म्हणजे तुमचं हे तूप आहे."

आणि पुढचं सगळं दोघांनी मिळून लावलं. एक सांगे, दुसरं पुरं करी. खाली खोल शिलारस वर यायला निघाला, पण वरपर्यंत पोचलाच नाही. मध्येच जमिनीच्या पोटात अडकला. वर डोंगरच्या डोंगर माती-दगडाचं पांघरूण. म्हणजे कोंडा, आनंदाबाई म्हणाली. हो, कोंडाच. त्यामुळं उष्णता बाहेर जायला वाट नाही, रस अगदी दमादमानं निवला. म्हणून दाणा धरला, आनंदाबाई म्हणाली. हो, गुलाबी एक दाणा, पांढरा काचेसारखा दुसरा, चकाकतो तो अभ्रक, सगळे आपापल्या जागी सावकाश वाढले. त्याला ग्रॅनाइट म्हणतात, आणि अशा तापून निवलेल्या दगडांना अग्निज खडक. मग नागपूरच्या पलीकडं काळा, बिनदाण्याचा दगड दिसतो तो काय? तोही अग्निजच, पण त्याचा रस जमिनीवर सांडला, वाऱ्यापाण्यात झटकन गार झाला. दाणा धरायला वेळच मिळाला नाही.

"म्हणजे जावेचं तूप," आनंदाबाई म्हणाली, आणि भिंतीपलीकडं भांडं आपटल्याचा आवाज आला.

हे गाडगं निवायला किती वेळ लागला, तिनं विचारलं. लाखो वर्षं, साहेब म्हणाले. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, बरोबर आहे, एवढा मोठा दाणा धरायचा तर घाई करून कसं चालेल. मग वर कसा आला? आला नाही काकू, वरचं झिजलं. पाऊस, वारा, नद्या, त्यांनी कोट्यवधी वर्षांत वरचं पांघरूण खरवडून नेलं, आणि गाडगं उघडं पडलं.

"अन् आता वाढून राहिला तो?"

साहेब दुसऱ्यांदा तूप घेत होते. सहज म्हणून त्यांनी सांगून टाकलं, की छे, तो कसला वाढतोय. त्याचं वाढणं केव्हाच संपलं. तो होता तिथंच आहे. तुमची माती चाललीय.

आनंदाबाईच्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला. साहेबांना वाटलं आणखी वाढायला थांबली आहे, त्यांनी ताट पुढं केलं.

दुपारी जीप गेली. साहेब सांगून गेले की तूप अप्रतिम. आपण काय बोलून गेलो हे त्यांना बहुतेक जीप सिहोऱ्याला पोचली तरी कळलं नसेल. तुलाराम तर दुसऱ्या मिनिटाला निर्णय देऊन मोकळा झाला. आता पाहाय, साहेबाला सगळ्या जगाचे दगड माहीत आहेत, पण माझ्या बापाला हा दगड माहीत होता.

आनंदाबाईचं तसं नव्हतं. तिच्या डोक्यात ते वाक्य मुंगीसारखं फिरत होतं. माती चालली तर चालत चालत कुठं गेली? माती काही साकोलीच्या एसटीत बसणार नाही.

उत्तर सापडलं ते धुणं धुताना. फाल्गुन संपत आला होता, बोडीचं पाणी मागं सरलं होतं. बोडीच्या काठाला बायांचा धुण्याचा मोठा दगड आहे, तोही तसाच दाण्यांचा. आनंदाबाई लग्न होऊन आली तेव्हा बाया त्या दगडावर कपडे उभ्यानं, जरा वाकून आपटायच्या. आता उकिडवं बसून आपटावं लागायचं. सगळ्या म्हणायच्या, पिढ्यान्‌पिढ्या आपटून दगड झिजला. शेजारची कुंताबाई त्याच दिवशी म्हणाली, की हा दगड माझ्या सासूच्या भांडणांनी खचला.

आनंदाबाईनं पदर खोचला, दगडाच्या कडेनं गाळात हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा टेकला, गाल गाळाला लागला, तरी दगड खाली आहेच. तो झिजला नव्हता, बुडाला होता. तिनं मूठभर गाळ वर काढला. बोडीचा गाळ काळा असायला पाहिजे. हा पिवळट होता, तिच्या मोठ्या बांधीसारखा. तिनं तो चोळला, वास घेतला, आणि कुंताबाई सांगते, थोडा चाखलासुद्धा. मग ती काठावर तशीच चिखलात बसून हसायला लागली. कुंताबाईला वाटलं, उन्हानं काहीतरी झालं. पण आनंदाबाईला एका वेळी दोन दगड दिसत होते. वरचा वाढत होता, खालचा बुडत होता, आणि दोघंही जागचे हलले नव्हते.

आता हे तुलारामला दाखवायचं कसं? बायांच्या धुण्याच्या जागी गावातला पुरुष जात नाही. बैल पाण्यावर नेतानासुद्धा तिथं मान दुसरीकडं फिरवतात. तुलारामनं जन्मभर त्या बोडीच्या काठी राहून तो दगड कधी धड पाहिला नव्हता. आनंदाबाईनं दोन दिवस सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याची सगळी धोतरं एकदम भिजवली, गाठोडं केलं आणि म्हणाली, माझी कंबर धरली आहे, हे एवढं बोडीपर्यंत आणून द्या. गाठोडं डोक्यावर घेऊन तो निघाला तेव्हा भरदुपार होती आणि कुंताबाईसह अर्धी गल्ली नेमकी त्याच वेळी धुण्याला आली होती.

"आज भाऊजी धुणं घेऊन आले वो," कुंताबाईनं डोक्यावर पदर ओढत शेजारणीला सांगितलं, तेही अशा हळू आवाजात की पलीकडच्या काठावरच्या बगळ्यानंही ऐकावं.

तुलाराम परत फिरणार तेवढ्यात आनंदाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"इथं हात घाला."

"काहून?"

"घाला त खरं."

सगळ्या बायांसमोर नाही म्हणण्यापेक्षा हात घालणं सोपं होतं. त्यानं घातला. खांद्यापर्यंत गेला. ती म्हणाली, "हा दगड बारा महिने पाण्यात हाये. पाणी पिऊन दगड फुगत असता, त एव्हाना हा किल्ल्याएवढा झाला असता अन् आमी वर चढून धुणं धुतलं असतं. हा काहून नाही फुगला?"

तुलारामनं हात बाहेर काढला. हातात आलेला पिवळा गाळ पाहत राहिला. तो शेतकरी होता, आपली माती कुठंही ओळखली असती त्यानं. ती म्हणाली, आता मात्र आवाज खाली आणून, "तुमी दगडाचं पाणी तोडून राहिले होते जी. पाण्यासंगं बांधी वाहून चालली. सासऱ्यायनं फोड केली, तुमी खोल केली. दगड नाही वाढला. आपण बुडालो."

"आता पाहाय," तुलाराम म्हणाला. पण त्याच्यापुढं काही आलंच नाही. बिडी शोधायला हात खिशाकडं गेला, तो गाळानं भरलेला होता. गाठोडं तिथंच सोडून तो उठला आणि बोडीच्या काठाकाठानं निघून गेला.

अक्ती जवळ येत होती. शेळ्यांचा विषय निघत नव्हता, चिन्नोरचाही निघत नव्हता. फोड होती तशीच होती. आनंदाबाई दगडालाही काही बोलेना.

इथं पुंडलिकरावाची पोरगी चंद्रकला येते, कारण पैज तिनं लावली. हे सगळं लिहिणारी तीच. आनंदाबाई तिची मोठी माय, म्हणजे मोठ्या चुलत्याची बायको. चंद्रकला गावातल्या कोणाचीही नक्कल करू शकते, पण तुलारामची करते तेव्हा म्हातारेकोतारेही खाटेवरून खाली येतात. ती विझलेली बिडी ओढते आणि "आता पाहाय" म्हणते, एवढ्यानंच काम होतं. ती त्या दिवशी आनंदाबाईच्या अंगणात मोहफुलं निवडायला बसली होती. म्हणाली, मोठे बाबा गळा कापला तरी ती फोड बुजवणार नाहीत. आजोबांची फोड आहे.

आनंदाबाईनं मान वर केली नाही. "बुजवतीन."

"तुमी सांगसान तेव्हा."

"मी नाही सांगत. कोणीच नाही सांगत. आपल्या आपण बुजवतीन, अन् वरून लोकायले शिकवतीन. लाव पैज."

ठरलं असं, की तुलारामनं पावसाच्या तोंडाशी रोहिण्या लागायच्या आत आपणहून फोड बुजवली नाही तर वर्षभराचं रवाळ तूप पुंडलिकरावाच्या घरी जाईल आणि आनंदाबाई जावेच्या तुपाला सगळ्यांसमोर चांगलं म्हणेल. बुजवली तर चंद्रकलानं नवा चिन्नोर घरात येईपर्यंत तुलारामची नक्कल करायची नाही. कोणासमोरच नाही, आरशासमोरसुद्धा नाही. चंद्रकलाला ही पैज म्हणजे फुकटचं तूप वाटली.

अक्तीला तुलाराम नारळ घेऊन दगडाकडं गेला. आनंदाबाई घरातच थांबली. चंद्रकला पाळतीवर पाठोपाठ गेली. त्यानं नारळ फोडला, शेंदूर लावला. "आता पुरे" म्हणायच्या ठिकाणी थांबला, दगडाकडं पाहिलं, मग फोडीकडं पाहिलं. नारळाचं पाणी दगडावरून ओघळून फोडीच्या दिशेनं निघालं होतं, आपल्यासोबत मातीची एक बारीक रेघ घेऊन. तो तिथंच उकिडवा बसला आणि ती रेघ सुकेपर्यंत पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी जुंपली. आनंदाबाईला काही सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. बोडीत उतरला, गाळ भरला, वर आणला. पहिली गाडी फोडीत. दुसरीही फोडीत. तुडवून तुडवून, बैलासकट नाचून त्यानं धुरा सपाट केला. मग उन्हाळाभर गाळाच्या गाड्या मोठ्या बांधीत पडत राहिल्या. आनंदाबाई फावडं घेऊन तो पसरायची आणि दगडाला सांगायची, की पाहा, माघारी आणून राहिले, आता तोंड झाकून बस.

चौथ्या की पाचव्या गाडीला पुंडलिकराव धुऱ्यावर आला आणि सभेतल्या आवाजात विचारू लागला, की दादा, हा उपक्रम कोणत्या योजनेखाली? तुलारामनं फावडं रोवलं. बिडी काढली. ती विझलेली होती. गाळ घ्यायला आलेले चारपाच जण तिथं होतेच.

"आता पाहाय पुंडलिक," तो म्हणाला. "दगड म्हणजे तूप हाये."

आणि मग त्यानं तो शिलारस खालून वर आणला. मध्येच अडकवला. कोंड्यात पुरला. लाखो वर्षं निववला. दाणा धरवला. मध्येच "आपण असं समजूया" आलं, तेही लिमये साहेबांच्या नाकातून. नागपूरच्या पलीकडच्या काळ्या दगडाला त्यानं तुझ्या बायकोचं तूप म्हटलं, पुंडलिकरावाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पांघरूण झिजलं, गाडगं उघडं पडलं. आणि दगड पाणी पीत नाही, हे मी पयलेपासून म्हणून राहिलो, माहा बाप भोळा होता. बैल उभ्या उभ्या झोपला, लोक तोंड उघडं टाकून ऐकत राहिले.

चंद्रकला धुऱ्यावर बसली होती. एवढी चांगली नक्कल, साहेबासकट, तुपासकट, जन्मात पुन्हा मिळणार नव्हती. तिचे ओठ आपोआप हलू लागले. समोरून आनंदाबाईनं फावड्यावर हनुवटी टेकून फक्त तिच्याकडं पाहिलं. चंद्रकलानं पदर नसल्यानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

त्या पावसाळ्यात मोठ्या बांधीत पाणी थांबलं. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, आभाळ पोटात घेऊन. चिन्नोर रोवला गेला. पीक काही पूर्वीएवढं आलं नाही, पण लोंब्या भरल्या, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत वारा डोंगराकडून आला की बाया परत दारात यायला लागल्या. तुलारामला आता साऱ्या गावात लोक दगड दाखवायला न्यायचे. तो हातात घ्यायचा, जिभेनं ओला करायचा आणि सांगायचा, हा निवांत निवला, हा घाईत. बहुतेक बरोबर सांगायचा. जे चुकायचा तेही तितक्याच खात्रीनं सांगायचा.

चंद्रकला शाळेत येता-जाता हे सगळं ऐकायची आणि गप्प राहायची. पोरं म्हणायची, तुलारामदाजीची कर ना वं एकदा. ती म्हणायची, घसा बसला आहे. पोळ्याला बसला, दसऱ्याला बसला, दिवाळीलाही बसलेलाच होता. नवा चिन्नोर घरात आला त्या दिवशी आनंदाबाईनं तिला जेवायला बोलावलं, भातावर तूप घातलं आणि म्हणाली, आता कर.

चंद्रकलानं विझलेली बिडी धरली, तोंड उघडलं. तेवढ्यात आतून तुलाराम आला, तिच्या ताटातल्या तुपाकडं बोट करून म्हणाला, "आता पाहाय पोरी," आणि सुरू झाला. तिला पहिला घास घ्यायलाच उशीर झाला.